खाडी, घाटी, सडा: दापोली–रत्नागिरी सायकलमार्गाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

मामेभाऊ दरवर्षी एसटीने येतो. यंदा तीन मित्रांना घेऊन दापोलीहून सायकलवर आला. सकाळी सातला निघून दुपारच्या जेवणाला गुहागरात पोचायचं ठरलं होतं. मी बारा वाजता ओवाळणीचं ताट मांडून बसले. मंडळी उगवली ती दिवेलागणीनंतर. एकाचा गुडघा कोळथऱ्याच्या पुढे धरला आणि त्याला सायकलसकट टेम्पोत घालून दाभोळच्या धक्क्यावर आणावं लागलं.

जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, नकाशात जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर दाखवत होते. एवढे तर आम्ही रविवारी सकाळी मारून येतो. आणि वाटेत घाट तर एकही नव्हता."

घाट नव्हता हे बरोबर आहे. कुंभार्ली, आंबा, वरंध ही नावं सगळ्यांना माहीत असतात आणि माणूस तिथे तयारीने जातो. किनाऱ्यावरच्या चढांना नकाशात नावच नाही. गावात त्यांना नुसतं 'घाटी' म्हणतात. खाडीवरून निघायचं, घाटी चढायची, सड्यावर (वरच्या उघड्या कातळपठारावर) चार-पाच किलोमीटर जायचं, पुढच्या गावात उतरायचं की पुन्हा पुढची घाटी. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचा, पण दिवसभरात असे किती येतात आणि त्यातला कोणता दमवतो, हे कुणी लिहून ठेवलेलं मला दिसलं नाही.

हे काम मी करणार. दापोली ते रत्नागिरी, तीन दिवसांचा मार्ग, प्रत्येक घाटी मोजून. गिअरची साधी सायकल असलेल्या, नोकरी सांभाळून चालवणाऱ्या माणसासाठी.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रत्येक चढाची काय नोंद घ्यायची ते आज वहीत ठरवलं. चढ कुठून सुरू होतो (झाड, देऊळ, मोरी, अशी न हलणारी खूण), लांबी, उंची, सर्वांत उभे शंभर मीटर, डांबराची अवस्था, पाणी कुठे, आणि सावली किती वाजेपर्यंत. शेवटची गोष्ट शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल. ज्याने दुपारी बाराला उघड्या कातळावरून सायकल हाणली आहे त्याला वाटणार नाही. जांभा तापला की उष्णता खालूनही येते.

भावाच्या सायकलीला पुढच्या चकत्या ५० आणि ३४ दात्यांच्या, मागच्या ११ ते २८. म्हणजे सर्वांत हलका गिअर ३४ ला २८. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला साठ पायडल मारले तर वेग ताशी ९.२ किलोमीटर. आठ-नऊ टक्क्यांच्या चढावर हा वेग राखायला चांगला दम लागतो. तो नसला की पायडल मिनिटाला चाळीसवर येतं आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) असती तर त्याच साठ पायडलला वेग साडेसात राहिला असता आणि माणूस बसल्या बसल्या चढला असता. मित्राचा गुडघा का धरला ते एवढ्या हिशेबात कळतं. मार्गवहीच्या पहिल्याच पानावर हे घालायचं: मागे किमान ३२, शक्यतो ३४. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढी मोठी कॅसेट घेतो का, हे आधी दुकानात विचारून घ्यावं. लहान डिरेलरवर मोठी चकती बसवली तर चेन अडकते.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

पहिली मोजणी. सकाळी पावणेदहाला धोपावेच्या धक्क्यावर यंत्राची उंची शून्य केली. (हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची काढतं.) वेलदूर, अंजनवेलच्या बाजूने फिरून, दोन्ही बाजूंचे चढ मोजून पावणेचारला परत त्याच धक्क्यावर. पाण्यापासून हातभर अंतरावर उभी आहे आणि यंत्र म्हणतंय उंची २६ मीटर.

सगळी मोजणी वाया गेली असं वाटून घरी आले. रात्री जेवलेही नाही नीट.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

यंत्र बिघडलेलं नाही. शाळेत भूगोलाच्या सरांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर काढून दाखवलं. आपल्याकडे हवेचा दाब रोज ठरावीक वेळी चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं माप). एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर उंची. दाब तीनाने उतरला की यंत्राला वाटतं आपण पंचवीस मीटर वर आलो. मी नेमकी दहा ते चार फिरले होते.

उपाय कोकणानेच दिलेला आहे. देशावर समुद्रसपाटी गाठायला शेकडो मैल जावं लागतं, आपल्याला ती दर पंधरा-वीस किलोमीटरला भेटते. प्रत्येक धक्क्यावर, खाडीपुलावर, पुळणीवर यंत्र परत शून्य करायचं. पूल असेल तर पाण्यापासूनची उंची अंदाजाने धरायची. मधला एक चढ वीस मिनिटांचा, तेवढ्यात चूक एक-दीड मीटरची. ती चालेल. कालचे चढ सुटे सुटे पाहिले तर वापरता येतात, फक्त दिवसाची बेरीज टाकून दिली.

मग उपग्रहाचीच उंची का घेत नाही, असं भावाने फोनवर विचारलं. मोफत मिळणाऱ्या नकाशांतली बरीचशी उंची फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने मोजलेली आहे आणि तिचा एकेक चौकोन तीस मीटरचा आहे. आपल्या घाटीचं उभं वळणच तीस-चाळीस मीटरचं असतं. त्या चौकोनात ते सपाट होऊन जातं. शिवाय दाट झाडी असेल तिथे रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात. आसूदच्या बागेतून उतरणारा रस्ता संगणकावर पाहिला तर उतरताना मध्येच दोनदा चढतो. प्रत्यक्षात तसं काही नाही.

८ डिसेंबर २०२४, रविवार

गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, रोहिले, तवसाळ. आजवरचा सर्वांत चांगला दिवस.

हेदवीच्या अलीकडे एका वाडीत उतरणारे दोन रस्ते आहेत. एक नवा, ग्रामसडक योजनेचा, रुंद. दुसरा जुना, अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. साहजिकच नव्याने उतरले आणि नव्यानेच परत चढायला लागले. लांबी सातशे मीटर, उंची चौऱ्याऐंशी. सरासरी बारा टक्के, आणि शेवटच्या वळणात तर पुढचं चाक उचलायला लागलं. उतरले आणि ढकलत नेली. वर पोचेपर्यंत छाती भात्यासारखी चालत होती.

वर एक आजोबा पेंढ्याचे भारे लावत होते. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "बाई, खालच्या जुन्या वाटंनं का न्हाय आलात?" मी म्हटलं, नवा रस्ता चांगला वाटला. ते म्हणाले, "मोटारीला चांगलाच हाय. जुनी वाट गाडीची. भाताची भरली गाडी घेऊन बैल काय सरळ चढत न्हाय. त्याच्या दमानं वळणं काढल्यात."

परत खाली गेले आणि जुन्या वाटेने चढले. लांबी साडेतेराशे मीटर, उंची तीच चौऱ्याऐंशी. सरासरी सव्वासहा टक्के. पाच वळणं, आणि प्रत्येक वळणाच्या पोटात दहा-पंधरा पावलं जवळजवळ सपाट. बैलांना तिथे दम खायला थांबवत, मागच्या चाकाला धोंडा लावत. दुसऱ्या वळणावर तो धोंडा अजून आहे. बाजूचा जांभा नांगराच्या फाळाएवढ्या खोल खाचेने झिजलेला. लोखंडी धावांनी कितीतरी पावसाळे घासलेला. मी त्या सपाट जागेवर पायडल हलके केले, श्वास आला, पुढचं वळण घेतलं. एकदाही उतरावं लागलं नाही. डांबर जुनं आहे, खड्डे आहेत, पण चढताना खड्डा चुकवता येतो. बारा टक्के चुकवता येत नाहीत.

वहीत या घाटीला दोन ओळी: उतरताना नवा रस्ता, चढताना जुना. आणि आता मागची सगळी पानं काढून पाहायची आहेत. जिथे जिथे नवा रस्ता झालाय तिथे जुनी गाडीवाट शिल्लक आहे का, हे गावात विचारल्याशिवाय कोणताही चढ पक्का करायचा नाही.

रस्त्याची जात ओळखायला मैलाचे दगड उपयोगी पडतात हेही लिहायला हवं. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्यमार्ग, नारिंगी ग्रामसडक. नारिंगी दिसला की वाहनं कमी. चढ मात्र बेभरवशाचा.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

आसूद, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी. भाऊ खेडपर्यंत रेल्वेने येऊन दापोलीत भेटला. दापोली अडीचशे मीटरच्या आसपास उंचीवर, त्यामुळे पहिली पंधरा-सोळा किलोमीटर उतारच. हीच खरी फसवणूक आहे. पहाटेच्या गार हवेत तासाभरात हर्णै येतं, समोर सुवर्णदुर्ग, लिलावाची गडबड, आणि माणसाला वाटतं दिवस आपलाच. सगळे चढ पुढे ठेवलेले असतात. भाऊ म्हणाला, आम्ही इथे तासभर फोटो काढत बसलो होतो. तोच तास त्यांना दुपारच्या उन्हात भरावा लागला. वहीत लिहिलं: हर्णैतून आठच्या आत निघावं.

मुरूडमधून जाताना महर्षी कर्व्यांची आठवण होतेच. परीक्षेसाठी ते आणि त्यांचे सोबती याच गावातून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. इथल्या घाट्या आणि वर सह्याद्री, दोन्ही पायाखालून.

कर्दे ते लाडघर छोटा पण सुंदर टप्पा. एकच चढ, आणि वर आलं की उजव्या हाताला समुद्र.

५ जानेवारी २०२५, रविवार

भाऊ पडला. कोळथऱ्याच्या बाजूला उतरताना, वळण संपून मोरी लागते तिथे रस्त्यावर बारीक खडी पसरलेली होती. वळणातून ती दिसत नाही. त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकलं, तो कोपरावर घसरत गेला. मी मागे तीसेक मीटरवर होते. सायकल टाकून धावले तेव्हा तो उठून बसला होता, पण कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली आणि त्यात लाल माती.

समोरच्या घरातल्या काकू कळशी घेऊन आल्या. हात धुतला. त्यांनी गडग्याकडेचा दगडीपाला तळहातावर चोळून रस लावला आणि म्हणाल्या, "आता दवाखान्यात जावा, सुई घ्या." त्यांच्या मुलाने दुचाकीवरून आरोग्य केंद्रात नेऊन आणलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, पट्टी. हाड शाबूत.

खूप वेळ मला बोलता आलं नाही. मोजायला मीच त्याला बोलावलं होतं.

आजवर मी चढ मोजत होते आणि उतार सोडून देत होते, ही माझी चूक. आजपासून प्रत्येक उताराचीही नोंद: आंधळी वळणं किती, खाली काय आहे (मोरी, शाळा, गुरं ओलांडतात ती जागा), सावलीत शेवाळ राहतं का. पावसाळ्यानंतर दोन महिने तरी झाडीखालच्या वळणांवर हिरवट थर असतो. त्यावर ब्रेक लावला तर काही हाती राहत नाही. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. ब्रेक धरून न ठेवता दाबायचा, सोडायचा. रिम ब्रेकवर लांब उतार सतत धरून उतरलं तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. आणि लाल धूळ ब्रेकच्या रबरात बसते, ती दर संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसली नाही तर रिमलाच पॉलिशकागदासारखी घासते.

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदन आटोपून तवसाळच्या फेरीने जयगडला. पट्टी निघाली, भाऊही आला. शास्त्रीची खाडी ओलांडायला थोडी मिनिटं. याच खाडीला रस्त्याने वळसा घालायचा तर दिवस जाईल. दाभोळ–धोपावेचंही तसंच. २००३मध्ये ती फेरीबोट सुरू झाली नसती तर दाभोळहून गुहागरला चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटर पडले असते आणि हा मार्ग झालाच नसता.

जयगडचा धक्का ते वरचा सडा, लगेच चढ, अंग थंड असताना. बोटीतच पाय मोकळे करून घ्यावेत. वर बंदराकडे जाणारे ट्रक, तेवढा टप्पा रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बरा. मग मालगुंड. केशवसुतांच्या स्मारकात सावली आणि शांतता, इथे अर्धा तास धरला आहे. गणपतीपुळ्यातून पुढे आरे-वारे: चढ मोठा नाही, पण वरून पुळण दिसली की मोटारवाले कुठेही थांबतात आणि दार उघडतात. उतरताना मोटारीपासून दरवाजाभर लांब राहावं.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मार्ग कोणत्या दिशेने द्यायचा यावर भावाशी पंधरा दिवस वाद चालला होता. त्याचं म्हणणं, रत्नागिरीहून निघावं आणि शेवट दापोलीच्या गारव्यात करावा. मी आज दोन्ही दिशांचे चढ समोरासमोर लिहून त्याला पाठवले.

दोन्हीकडे एकूण चढाई फार वेगळी नाही. फरक आहे तो चढ केव्हा येतो यात. उत्तरेकडे गेलं तर शेवटच्या दिवशी हर्णै ते दापोली हा सलग मोठा चढ, तोही थकल्यावर. शिवाय वारा. हिवाळ्याच्या अखेरीपासून दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि सड्यावर त्याला अडवायला झाड नसतं. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो. आज अडूरच्या सड्यावर परत येताना तोच वारा तोंडावर घेतला. सपाट रस्त्यावर ताशी तेरा. भावाला तेवढं सांगितलं. त्याने दक्षिण मान्य केली.

१६ मार्च २०२५, रविवार

शिमगा. वाडीवाडीत पालखी फिरते आहे, मोजणी बंद. पालखी समोरून आली की सायकल कडेला घ्यावी, चपला काढून पाया पडावं; घाईने बाजूने काढू नये. हे वहीत घातलं.

शाळेत सायकलवर येणाऱ्या मुलींना पानं वाचायला दिली होती. त्यांनी तीन चुका काढल्या. एका चढावर मी 'सावली नऊपर्यंत' लिहिलं होतं; तिथला आंबा यंदा तोडला, सावली आता आठलाच संपते. त्या रोज ढकलत चढतात, त्यांना झाड न् झाड माहीत. तिन्ही दुरुस्त्या केल्या.

एकूण चौदा पानं. वीस प्रती काढल्या.

२० एप्रिल २०२५, रविवार

चिपळूणच्या दोन बायका वही घेऊन तीन दिवसांत रत्नागिरीला पोचल्या. एक बँकेत, दुसरीचा शिवणाचा व्यवसाय. दोघींपैकी कुणीही याआधी सलग चाळीसच्या वर चालवली नव्हती. काल रात्री फोन आला. जुन्या गाडीवाटेने दोघी न उतरता चढल्या, दम खायच्या जागा बरोबर सापडल्या, धोंडाही दिसला.

पण नरवणच्या पुढच्या घाटीवर मी लिहिलेला नळ कोरडा निघाला आणि त्यांना अर्धा तास पाण्यावाचून काढावा लागला. मी तो नळ डिसेंबरात पाहिला होता.

आज जाऊन आले. एप्रिल-मेमध्ये त्या नळाला एक दिवसाआड, तेही सकाळी सात ते आठ पाणी येतं. वरच्या वाडीत दोनशे मीटरवर विहीर आहे, पाणी बारमाही. घरच्या आजी म्हणाल्या, पोहरा काठावरच असतो, कुणी या नि काढा, फक्त चपला बाहेर ठेवा.

पान ९, दुरुस्ती: 'नळ' खोडून 'विहीर, वरची वाडी, डाव्या हाताला फणसाखाली'. बाकीच्या सगळ्या पाणवठ्यांपुढे महिना घालायचा आहे. असे एकवीस आहेत. पुढच्या रविवारी पालशेतपासून सुरुवात.